कधीही अस्तित्वात नसलेला गुरू

१९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम खेळणारी कित्येक मुले एका अशा गुरूच्या शोधास लागली, जो कधी अस्तित्वातच नव्हता. त्याचे नाव शेंग लाँग. आजचा धागा त्याच्याविषयी, आणि अशा गुरूवर विश्वास ठेवण्याची वेळ मुळात का आली, याविषयी.

१९८७ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर’ हा लढतीचा गेम आणला. नायक र्‍यू याच्यापाशी तीन विशेष डाव होते. पण ते कसे टाकायचे, हे खेळाडूने स्वतः शोधावे अशी निर्मात्यांची इच्छा होती. हादोकेन, म्हणजे तळहातांतून सुटणारा ऊर्जेचा गोळा. त्यासाठी दांडी खाली, मग तिरकी, मग पुढे अशी एका ओघात फिरवून नेमक्या क्षणी ठोसा मारावा लागे. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या हातून तो योगायोगानेच सुटायचा.

१९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने हे कोडे आणखी मोठे केले. आठ योद्धे, एक दांडी, सहा बटणे. सरावाची सोय नाही. सराव करायचा तो नाणे टाकून, तोही अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर. जिंकणारा जागेवर राही, हरणारा उठे. त्यामुळे नवख्याची गाठ बहुधा त्या दिवशीच्या सर्वोत्तम खेळाडूशी पडे. गुरुदक्षिणा आधी आणि विद्या नंतर, तीही मिळालीच तर! म्हणून मुले मागे उभी राहून जाणत्यांच्या बोटांकडे पाहत. जपानमध्ये दोन यंत्रे पाठीला पाठ लावून ठेवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा प्रतिस्पर्ध्याची बोटे दिसणेही बंद झाले.

गंमत अशी की निर्मात्यांनाही आपला गेम पुरता ठाऊक नव्हता. मोटार फोडण्याच्या बोनस फेरीची तपासणी करताना नोरिताका फुनामिझु यांना एका फटक्याला जोडून दुसरा बसताना दिसला. तो योजनेत नव्हता, पण त्यांनी तसाच राहू दिला. पुढे ‘काँबो’ म्हणून साऱ्या लढतीच्या गेम्सचा कणा ठरलेली गोष्ट ती हीच.

आता शेंग लाँग. र्‍यूचा एक डाव म्हणजे ‘शोर्‍यूकेन’, उसळणाऱ्या ड्रॅगनची मूठ. शब्द तीन चिनी अक्षरांत लिहिला जातो आणि पहिल्या दोहोंचा चिनी उच्चार साधारण ‘शेंग लाँग’ असा होतो. माझ्या शोर्‍यूकेनवर मात केल्याविना तू जिंकणार नाहीस, अशा आशयाचे र्‍यूचे जपानी वाक्य इंग्रजीत येताना डावाचा माणूस झाला. खेळाडूंनी तर्क केला: हा र्‍यूचा गुरूच असणार.

‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ने एप्रिलच्या अंकात थट्टा म्हणून त्याला भेटण्याची कृती छापली. र्‍यू घेऊन एकही फटका न खाता अखेरच्या बायसनपर्यंत पोहोचा. तिथेही फटका न देता, न घेता फेरीमागून फेरी बरोबरीत सोडवा. इतर देशांतील नियतकालिकांनी ही कृती खरी मानून पुन्हा छापली.

इतिहासाच्या अभ्यासकाने या अटीकडे नीट पाहावे. ती जवळपास अशक्य होती, आणि म्हणूनच खोटी ठरवता येत नव्हती. शेंग लाँग प्रकटला नाही, तर दोष आपल्या हातांचा. नाणे पुन्हा टाकायचे. ज्या गेमने खरे डावही लपवून ठेवले होते, त्यात आणखी एक गुपित असणे कुणाला अशक्य वाटणार होते?

१९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मध्ये कॅपकॉमने खरोखरच एक गुप्त योद्धा ठेवला. उत्तम खेळणाऱ्यासमोर तो अवचित येई, बायसनला क्षणात लोळवी आणि स्वतः उभा ठाके. जपानमध्ये त्याचे नाव गौकी, बाहेर आकुमा. त्याला स्वतः घेऊन खेळायचे, तर योद्धा निवडण्याच्या पडद्यावर चौकट ठरावीक क्रमाने फिरवून बटणे दाबावी लागत. हा क्रमही गुप्तच होता.