जुन्या स्पीकरचा जीर्णोद्धार

डिचोली महालातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला, हे वाचकांस विदित आहेच. वास्तू नवी झाली. दिवाडीहून आलेला देव तोच राहिला. घरातील जुन्या स्पीकरची डागडुजी करतानाही आम्हांस हाच विवेक योग्य वाटतो.

१९२५ साली राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी सिद्ध केलेली रचना आजही मूलतः तीच आहे: लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्यास जोडलेला कागदी शंकू आणि शंकूच्या घेरास लवचीक कड. जुन्या रेडिओंत ही कड चुणीदार कागदाची वा कापडाची असे. पुढे अनेक कारखानदारांनी ती फोमची केली. पेडण्यासारख्या दमट मुलखात फोम ओलाव्याने विघटित होतो आणि काही वर्षांनी बोट लागताच त्याचा भुगा होतो. आजोबांचा रेडिओ गातो आणि वडिलांचा सबवूफर फडफडतो, तो यामुळे!

मालक म्हणतो, स्पीकर गेला. वस्तुतः गेलेली असते बहुधा केवळ कड. जुना फोम खरवडून काढावा, शंकू हलकेच दाबून वेटोळे कोठे घासत नाही ना हे पाहावे, मगच नवी कड चिकटवावी. शंकूच बदलला तर आवाजाचा पोत पालटतो. वेटोळे जळाले असल्यास मात्र हट्ट धरू नये.

आमच्या घरच्या पेटीचे काम असेच करून घेतले. त्या सायंकाळी केरीच्या केसरबाईंचा आकार पुन्हा भरदार लागला.