जहाजावरची चूल आणि सरपणाचा अधिकारी

पेणजवळचे अंतोरे बंदर आणि रोह्याची कुंडलिका, दोन्हींची वाहतूक भरतीवर चाले. मचवे, पडाव पाणी चढण्याची वाट पाहत थांबत. थांबलेल्या माणसाला भूक लागतेच. कोकणच्या बंदरांवर, किल्ल्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र साधा प्रश्न पडतो. लाकडी गलबतावर अन्न शिजवीत कसे?

लाकूड, काथ्याचे दोर, कापडी शीड. एक ठिणगीही पुरे. म्हणून अरबी गलबतांवर लाकडी पेटीत माती किंवा वाळू भरून तिच्यावर विस्तव पेटवीत. १९३८-३९ मध्ये कुवेती गलबतातून प्रवास केलेल्या ॲलन व्हिलियर्सनेही अशीच चूलपेटी पाहिली. तुर्कस्तानच्या यासी अडा बेटाजवळ बुडालेल्या सातव्या शतकातील जहाजाच्या मागील भागात तर कौलारू छपराचे स्वयंपाकघर, चूल आणि लोखंडी जाळी सापडली.

आपल्याकडे काय होते? कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथेच रेवदंडा आणि चौल. हिजरी ३०४ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ९१६ च्या आसपास, अल-मसूदीने चौलमध्ये (त्याच्या लेखी सैमूर) सुमारे १०,००० मुसलमान पाहिले. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक होते, तसे इथेच जन्मलेलेही. ही वस्ती समुद्रमार्गे वाढली, आणि त्या मार्गावर रोज कुणीतरी चूल पेटवीत होते.

त्या माणसांचा मान अबुल फजलने राखला आहे. ‘आईन-ए-अकबरी’त जहाजावरच्या हुद्द्यांची यादी आहे. नाखुदा, मुअल्लिम, तांडेल यांच्यापाठोपाठ येतो ‘नाखुदा-खशब’, म्हणजे उतारूंना सरपण पुरवणारा. कोठाराचा कारभारी भंडारी, तर पाणी वाटून देणारा कर्रानी. सरपण आणि पाणी मोजून देण्यासाठी स्वतंत्र माणसे नेमावी लागत, यावरून समुद्रावर त्यांची किंमत कळते. पुढे आगबोटींवरच्या लष्करी खलाशांत ‘भंडारी’ म्हणजेच स्वयंपाकी झाला.

मातीची चूल पाण्यात विरघळते, शब्द मात्र टिकतात. फारसी ‘नाखुदा’ कोकणात ‘नाखवा’ झाला. तो कोळ्यांच्या तोंडी आहे आणि कोकणी मुस्लिमांच्या आडनावातही. ‘आपले कोण, बाहेरचे कोण’ असा वाद निघतो तेव्हा मला हा शब्द आठवतो. एकाच खाडीत भरतीची वाट पाहणाऱ्यांनी तो घडवला आहे.