शेजारी एकत्र येतात ते कोणत्या कागदाभोवती?

आमगावला घरी गेले की गल्लीतले एक काकाजी हमखास विचारतात, "काय शिकून राहिली तू बाई?" मी सांगते, शहरातल्या जमिनीचा इतिहास. मागच्या खेपेला त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "आपल्या मोहल्ल्यामागच्या मोकळ्या जागेवर गाळे निघणार म्हणतात. सारे लोक एक झाले तर थांबते का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या प्रबंधाचा प्रश्नही जवळपास हाच आहे. आज त्याच्यावरच लिहिते. उदाहरण मुंबईचं घेतलंय, कारण तिथे दहा वर्षांच्या आत दोन उलट निकाल दिसतात.

पहिला प्रसंग गिरणगावचा. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या एकेक करून आजारी पडल्या, बंद पडल्या, आणि शहराच्या मध्यावरच्या जवळपास 600 एकर जमिनीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्याचं उत्तर नियम 58 मध्ये होतं. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला.

2001 मध्ये हा नियम बदलला. वाटणी आता फक्त 'मोकळ्या जमिनीची' करायची होती. हिशेब करून बघा. समजा गिरणी 30 एकरांची आहे, त्यातल्या 24 एकरांवर शेड आणि इमारती आहेत. जुन्या नियमाने शहराला आणि म्हाडाला साधारण 10-10 एकर मिळाले असते. नव्या नियमाने वाटायला उरले 6 एकर, म्हणजे दोघांना 2-2. फरक पडला तो दोन शब्दांमुळे.

2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या काही गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या तेव्हा या बदलाचा अर्थ खूप लोकांच्या लक्षात आला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. इमारती पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही 'मोकळी'च धरायची, असा त्याचा अर्थ होता. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पुढे तिथे मॉल, कार्यालयं आणि टॉवर कसे उभे राहिले ते आपण पाहतोच.

इथे एक गोष्ट मला बराच काळ अडली होती. मी गृहीत धरलं होतं की गिरणगाव सगळं एका बाजूला असणार. कागद वाचले तर चित्र वेगळंच निघालं. कामगारांची थकलेली देणी जमीन विकूनच मिळणार होती. त्यामुळे मैदान हवं असणारे नागरिक आणि देणी हवी असणारा कामगार यांना विक्रीकडे एकाच नजरेने बघता येत नव्हतं. दत्ता इस्वलकरांसारखे कार्यकर्ते त्याच जमिनीवर कामगारांच्या घरांसाठी भांडत राहिले. 'लोकांचा विरोध' असं एका शब्दात लिहिलं की हे सगळं पुसलं जातं.

आता दुसरा प्रसंग. फेब्रुवारी 2015 मध्ये मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. काही भागांत चटईक्षेत्र निर्देशांक 8 पर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता, आरेची जमीन विकासासाठी दाखवली होती. पण लोक खवळले ते नकाशा बघून. कुठे उभ्या इमारतीवरून रस्ता गेलेला, कुठे वारसा वास्तू यादीतून गायब. गावठाणं, कोळीवाडे, सोसायट्या, नियोजनावर काम करणाऱ्या संस्था, सगळे हरकती लिहायला बसले. हरकती-सूचनांचा आकडा साठ हजारांच्या वर गेला. एप्रिल 2015 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा नव्याने करण्याचे आदेश दिले.

माझा तर्क असा: नकाशात प्रत्येकाला आपलं घर शोधता येतं. नियमातल्या 'मोकळी' या शब्दात कुणाला आपलं घर दिसत नाही. त्यामुळे एका कागदाभोवती मोहल्ले जमले, दुसऱ्याभोवती वेळेत जमले नाहीत.

पण तर्क मांडला की तो मोडूनही बघायचा. राज्यात भाजपचा मुख्यमंत्री होता, महापालिकेत शिवसेनेचं वर्चस्व होतं आणि दोघे मित्र असूनही प्रतिस्पर्धी होते. आराखडा मागे पडण्यात याचा वाटा किती? शिवाय जिंकलं म्हणजे नेमकं काय जिंकलं? 2018 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात ना-विकास क्षेत्रातली काही जमीन परवडणाऱ्या घरांसाठी खुली झालीच. चुका दुरुस्त झाल्या, वेळ मिळाला. एवढंच म्हणायला माझ्याकडे पुरावा आहे.

तुम्ही असा विषय घेणार असाल तर मोर्च्याच्या फोटोपासून सुरुवात करू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 वाचा. प्रारूप आराखड्यावर हरकती मागवण्याची तरतूद कलम 26 मध्ये आहे, मंजूर आराखड्यातल्या फेरबदलाची कलम 37 मध्ये. मग राजपत्रातली सूचना, हरकती आणि सुनावणीचे कागद तारखेच्या क्रमाने लावा. शेवटी माणसांना भेटा. कागद हातात असला की मुलाखतीत प्रश्न नेमके विचारता येतात, आणि कागदात न आलेली माणसंही सापडतात.

काकाजींना मी नंतर एवढंच सांगितलं, "आधी तो कागद निघाला का ते बघू. निघाला असेल तर हरकतीची शेवटची तारीख कोणती, ते पाहू."

"मग चाल, उद्याच जाऊ," ते म्हणाले. गेलो. सूचना फलकावर तीन महिन्यांचे कागद एकमेकांवर चिकटवलेले होते. आम्ही दोघं ते एकेक करून वाचत उभे राहिलो.