दुसऱ्या मताची वाट

मोठ्या डॉक्टरसाठी बीडच्या माणसाला कायम परगाव गाठावं लागलं. निजामाच्या राज्यात हैदराबाद, 1956 नंतर मुंबई. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय झालं, पण आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्याला तेही लांबच. या पट्ट्यात मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली.

2000 साली आंध्रातल्या अरगोंडा गावात अपोलो रुग्णालयाने टेलिमेडिसिन, म्हणजे लांबच्या डॉक्टरचा पडद्यावरून सल्ला, सुरू केलं. आपल्याकडे 2007च्या सुमारास राज्य सरकारने इस्रोच्या उपग्रहामार्फत मुंबईचं केईएम रुग्णालय पाच जिल्हा रुग्णालयांना जोडलं: बीड, लातूर, नंदुरबार, सातारा आणि सिंधुदुर्ग. केसपेपर, एक्स-रे, ईसीजी आधी पाठवायचे. मग पडद्यावर केईएमचे तज्ज्ञ इथल्या डॉक्टरांशी बोलायचे. मुंबईची खेप वाचणं ही गरिबाच्या घरात फार मोठी गोष्ट होती. पण सोय होती सिव्हिलमध्ये. तांड्यावरच्या बाईला तिथवर यायचं तरी मजुरी बुडवावी लागे.

आमच्या बाया दिवाळीच्या आसपास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. फडात विश्रांती नाही, धड संडास नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या. पोट दुखतं, अंगावरून जातं आणि जवळचा कुणी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका. 2019 साली राज्याच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यातल्या किती जणींना दुसऱ्या डॉक्टरचं मत विचारायची संधी मिळाली असेल?

मार्च 2020मध्ये केंद्राने दूरवैद्यकाची नियमावली काढली, एप्रिलमध्ये सरकारी ई-संजीवनी ओपीडी थेट मोबाइलवर आली. आता उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारीही रुग्णाला शेजारी बसवून डॉक्टरशी जोडून देतात. मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते. पडद्यावरून पोट दाबून बघता येत नाही. बीपी घ्यायला, हिमोग्लोबिन तपासायला, लाजणाऱ्या बाईला बोलतं करायला तिच्याजवळ माणूसच लागतो.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. फडावर जायच्या आधी प्रत्येक बाईची गावात तपासणी व्हावी, तपासणीचा कागद तिच्या हाती असावा आणि कारखान्याच्या तळावर आरोग्यसेविकेसह दूरवैद्यकाची ही सेवा पोचावी. पिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक बाईला सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाचं दुसरं मत फुकट मिळायलाच हवं. उपग्रहापासून मोबाइलपर्यंत आलेल्या या सोयीवर बीडमध्ये पहिला हक्क तिचा आहे.