कागदाची फुले आणि डिलेनीबाई

आपल्या मंडळाच्या बालवाडीसाठी यंदा बाहुलीघर करावयाचे ठरले आणि त्याच्या अंगणातील फुलझाडे माझ्या वाट्यास आली. गौरी-गणपतीच्या मखराची फुले मी चाळीस वर्षे करीत आले आहे. तेव्हा "दोन दुपारचे तर काम!" असे मी सर्वांदेखत बोलून गेले. ते बोलणे मला चांगलेच भोवले.

बाहुलीघराचे माप फुटाला इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे प्रसिद्ध बाहुलीघर झाले, तेही याच मापाचे. ते रचणारे एडविन ल्यूटेन्स म्हणजे नव्या दिल्लीची आखणी करणारेच. त्या घराच्या तळाशी एक खण आहे. तो ओढला की आख्खी बाग बाहेर येते! या हिशेबाने आपले चार इंचांचे जास्वंद हरभऱ्याएवढे होते आणि इंचभर मोगरा मोहरीएवढा. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना ही मोहरी दिसावी कशी?

पतंगी कागदाचे पहिले जास्वंद केले. पाच पाकळ्या, मधे पिवळा दोरा. सूनबाई म्हणाल्या, "घंटा छान झाली हो!" रागारागाने परसातले फूल तोडून आणले व भिंगाखाली धरले. प्रत्येक पाकळी एका कडेने शेजारणीच्या अंगावर चढलेली. मधल्या दांडीला चहूकडून पिवळे केसर, आणि अगदी टोकाला तांबडे पाच ठिपके. जन्मभर देवाला वाहिलेले हे फूल मी कधी पाहिलेच नव्हते, असे म्हणावयाची पाळी आली.

या खटाटोपात असताना एका पुस्तकात मेरी डिलेनी या बाईंची हकीकत वाचावयास मिळाली. ती भगिनींना सांगितल्यावाचून राहवत नाही.

या बाईंचा जन्म १७०० सालचा, इंग्लंडमधला. वयाच्या सतराव्या वर्षी घरच्या वडीलधाऱ्यांनी तिचे लग्न साठीच्या घरातील एका श्रीमंत गृहस्थाशी लावून दिले. देवलांचे 'शारदा' आपल्याकडे १८९९ साली रंगभूमीवर आले. पण शारदा काही एका देशात झाल्या नाहीत! काही वर्षांतच ती विधवा झाली. पुढे १७४३ साली आपल्या मर्जीने तिने डिलेनी नावाच्या धर्मोपदेशकाशी विवाह केला. हा संसार सुखाचा झाला. १७६८ साली तेही गेले, आणि बाई पोर्टलंडच्या डचेसबाईंकडे, आपल्या जुन्या मैत्रिणीकडे, बरेच दिवस राहू लागल्या.

येथून खरी गोष्ट सुरू होते. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, लाल कागदाचा एक तुकडा आणि जवळच्या फुलाची पाकळी यांचा रंग त्यांना हुबेहूब एकच दिसला. त्यांनी कात्री घेतली, कागदाच्या पाकळ्या कापून काळ्या कागदावर चिकटविल्या. डचेसबाईंना ते फूल खरेच वाटले, असे सांगतात.

मग पुढली दहा वर्षे हाच उद्योग. खरे झाड समोर ठेवावयाचे. पाकळी, केसर, देठ, पानाची शीर, सारे वेगवेगळ्या कागदाचे कापावयाचे आणि थरावर थर चिकटवावयाचे. कृष्णकमळाच्या जातीच्या एका फुलाला तर तब्बल २३० पाकळ्या कापल्या आहेत. आपण चौदा पाकळ्यांच्या झेंडूला कंटाळतो! राजाच्या क्यू येथील बागेतून त्यांच्याकडे नवनवी झाडे येत. आणि मला सर्वांत आवडले ते हे, की चित्रामागे त्या झाडाचे शास्त्रीय नाव, दिनांक, स्थळ आणि झाड कोणी दिले, हे लिहून ठेवीत. त्यामुळे दूरदेशीची कोणती झाडे इंग्लंडात कधी फुलत होती, याचा तो एक दाखलाच झाला आहे.

हजार फुले करावयाचा संकल्प होता. ९८५ झाली, आणि दृष्टी गेली. १७८८ साली बाई वारल्या. त्यांची फुले आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दहा खंडांत जपून ठेवलेली आहेत.

आपल्या मंडळातील हातांनी आजवर किती फुले केली, त्याची मोजदाद नाही. विसर्जनानंतर ती सगळी केरात गेली. या खेपेस मी प्रत्येक कुंडीच्या बुडाशी झाडाचे नाव, तारीख आणि करणारीचे नाव बोरूने लिहिले आहे. हे वाचून कोणी हसेल, हसू द्या.

जास्वंद, तगर आणि सदाफुली तयार आहेत. तगरीच्या पाकळ्या चरख्यासारख्या एकाच अंगाला वळतात, हे विसरून पहिल्या सहा फुकट गेल्या. पारिजातकाचे केशरी देठ कापताना मात्र माझी नजर आता हटते. मोगरा राहिलाच आहे. ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनी गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळात यावे. चिमटा आपापला आणावा. खळ मी करून ठेवते.