श्याओयाओ सान: एका चुर्णाचा प्रवास

नैराश्यावरच्या गोळ्या सुरू होऊन मला दीड वर्ष झालं होतं, तेव्हा मावशीनं एक व्हिडिओ पाठवला. चिन्यांना स्ट्रेस हार्मोन हजार वर्षांपूर्वीच कळलं होतं, म्हणे. खाली तिचा मेसेज: ‘गोळ्या सोड, हे घे.’ गोळ्या मला सोडायच्याच होत्या. म्हणून त्या औषधाचा इतिहास वाचायला बसले.

औषधाचं नाव श्याओयाओ सान. सान म्हणजे चूर्ण, श्याओयाओ म्हणजे निवांत, मोकळं भटकणं. ‘च्वांग त्झू’ या ताओ ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणाच्या नावातही हाच शब्द आहे. सुंग राजवटीनं १०७६ साली कायफंग या राजधानीत सरकारी औषधालय उघडलं. पुढे तिथल्या औषधांच्या कृतींचा संग्रह झाला, त्यात हे चूर्ण आहे. छायहू नावाची मुळी, पांढऱ्या पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, थोडं आलं आणि पुदिना, असे त्यातले काही घटक.

हे कशावर द्यायचं, त्या यादीत मी उदासी शोधत होते. ती नाही. थकवा, धडधड, जेवण कमी होणं, सारखं पडून राहावंसं वाटणं, पाळी अनियमित होणं. मला माझाच केसपेपर वाचल्यासारखं वाटलं.

मनाशी नातं नंतर जुळलं. चौदाव्या शतकात चू तान-शी या वैद्यांनी ‘यू’ या कल्पनेवर भर दिला. यू म्हणजे तुंबणं: शरीरातला प्रवाह अडला की आजार. मिंग काळात चाओ श्येन-ख यांनी या तुंबण्यावर श्याओयाओ सान वापरलं. आजच्या चिनी भाषेत डिप्रेशनसाठी जो शब्द आहे, त्यातही हाच ‘यू’ आहे.

हार्मोनची गोष्ट वेगळीकडे सुरू होते. १९३६ साली हान्स सेली यांनी दाखवलं की उंदरांना कसलाही त्रास दिला तरी त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजतात. मेंदू पिट्युटरीला, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला संदेश देते आणि कॉर्टिसॉल रक्तात येतं, ही साखळी पुढे उलगडली. नैराश्यातल्या बऱ्याच रुग्णांत, सगळ्यांत नाही, कॉर्टिसॉल वाढलेलं सापडलं. मग चीनमधल्या प्रयोगशाळांनी ताण दिलेल्या उंदरांना हे चूर्ण दिलं. अनेक प्रयोगांत त्यांचं ताणाचं हार्मोन उतरलं, वागणंही सुधारलं. माणसांवरच्या चाचण्या मात्र बहुतेक लहान आणि कच्च्या आहेत.

आणि मग ज्येष्ठमध. घसा बसला की आपणही तोंडात धरतो तेच. १९४६ साली रेव्हर्स या डच डॉक्टरांनी पोटाच्या अल्सरवर त्याचा अर्क दिला, तर काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. कारण बऱ्याच वर्षांनी कळलं: मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निकामी करणारं एक एन्झाइम ज्येष्ठमधामुळे अडतं. जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. म्हणजे ज्या पुडीनं कॉर्टिसॉल उतरतं म्हणतात, तिच्यातलाच एक घटक मूत्रपिंडात त्याचा जोर वाढवू शकतो.

सुंग काळातल्या वैद्यांना कॉर्टिसॉल माहीत नव्हतं. थकून पडून राहणारी बाई त्यांना दिसली होती आणि तिचं दुखणं त्यांनी औषधाच्या वहीत लिहून ठेवलं. माझ्या दृष्टीनं हे पुरेसं मोठं आहे.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी विचारलं, “यातलं काही सुरू केलंयस का?” नाही म्हटलं, तरी बीपी मोजलं. गोळ्या चालू आहेत.