डायलच्या कुलपापासून इंटरनेट फोनपर्यंत

मी हट्ट्याहून बोलतोय. आजचा विषय आहे फोनच्या कुलपाचा इतिहास.

जुन्या गोल डायलच्या फोनला लोक चक्क छोटं कुलूप लावायचे, आठवतंय? २६ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ-कानपूर ही देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. ऑपरेटर मधून गेला, सोय झाली. पण 'आपल्या फोनवरून दुसराच बोलून जाईल आणि बिल आपल्याला येईल' ही धास्तीही वाढली.

त्याच सुमारास अमेरिकेत काही पोरांनी वेगळीच गंमत शोधली. एक्स्चेंजचे इशारे बोलण्याच्याच तारेतून जात. २६०० हर्ट्झचा सूर वाजवला की लांबची लाइन हाती यायची, फुकटात. मग कंपन्यांनी इशाऱ्यांची वाट वेगळी केली.

पुढे इंटरनेट फोन आला आणि आवाज अन् इशारे पुन्हा एकाच रस्त्यावर आले. भारतात १ एप्रिल २००२ पासून त्याला मर्यादित परवानगी मिळाली. २००६ मध्ये अमेरिकेत एडविन पेना पकडला गेला. दुसऱ्यांच्या नेटवर्कमधून चोरलेली मिनिटं तो विकत होता. वाट सापडली कशी? बऱ्याच यंत्रांवर कारखान्यातून आलेला पासवर्डच कायम होता!

हे सगळं लांबचं वाटतं ना? जून २०१७ मध्ये आपल्या मराठवाड्यात, लातूरला बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज पकडलं गेलं. परदेशातले कॉल इंटरनेटवरून यायचे आणि सिमकार्डांमधून लोकल होऊन पुढे जायचे. तेव्हा 'खेड्यात कोण येतंय' असं म्हणून चालत नाही.

२०२३ मध्ये तर थ्रीसीएक्स या फोन-सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच विष कालवलेलं निघालं. म्हणजे चोर कुलूप बनवणाऱ्याकडेच शिरला.

म्हणून वसमतच्या हळद बाजारातला आडत्या असो की पतसंस्था, मी एवढंच सांगतो. प्रत्येक एक्स्टेंशनला वेगळा, लांब पासवर्ड ठेवा. परदेशी कॉल लागत नसतील तर बंदच करा, लागत असतील तर खर्चाला मर्यादा घाला. फोनचं यंत्र थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. अपडेट टाळू नका, पण त्यावरच विसंबूही नका. आणि सोमवारी सकाळी शनिवार-रविवारच्या रात्रीची कॉल-यादी बघा, कारण चोरी बहुधा ऑफिस झोपल्यावरच होते.

डायलचं कुलूप डोळ्यांना दिसायचं. हे दिसत नाही, म्हणून ते लागलंय का हे मुद्दाम तपासावं लागतं. भेटू पुढच्या भागात.